पोरांनी आमचीच शिफारस तपासली



"साहेब, कॉलेजची पोरं पुन्हा वावरात आलीत. माती नेतात, फोटो काढतात अन् जातात. आमच्या हाती काय?" गटऑफिसात येऊन एका सभासदांनी आम्हाला असे विचारले. प्रश्न रास्त आहे. चार वर्षांपूर्वी विचारला असता तर आम्हीही त्यांचीच री ओढली असती.

आता ही पोरे का येतात ते थोडक्यात सांगतो. शारदानगरच्या कृषी महाविद्यालयाची मुले येतात ती ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी. हा त्यांच्या पदवीचाच भाग आहे आणि तो आपल्या परिचयाचा आहे. पण हल्ली रसायनशास्त्राची, भूगोलाची, वनस्पतिशास्त्राची, एवढेच काय, अर्थशास्त्राची मुलेही बांधावर दिसतात. विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यात सुरू आहे. तिच्यात पदवीची मुलेही उतरतात. शिवाय २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असणाऱ्याला चौथ्या वर्षी एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करता येते. त्यामुळे ही वर्दळ आता वाढणारच.

आमची फजिती झाली ती अशी. लासुर्ण्याच्या बाजूला आपल्या एका सभासदांचे दीड एकराचे रान. सरीच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटलेले, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडलेला. आम्ही बांधावरूनच पाहिले आणि सांगितले, जिप्सम टाका. त्यांनी उसनवारी करून पोती आणली, शेणखतात मिसळून टाकली. दुसऱ्या वर्षी ऊस होता तसाच. ते आम्हाला काही बोलले नाहीत, पण रस्त्यात भेटले की नजर चुकवू लागले. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्याच रानात बारामतीच्या एका कॉलेजातील रसायनशास्त्राच्या तीन मुली आणि एक मुलगा आले. बरोबर त्यांचे सर. पहिल्या दिवशी पोरांनी मातीच्या दहा पिशव्या भरल्या. सरांनी विचारले, कुठकुठनं घेतली? दोन बांधालगतच्या, एक उकिरड्याच्या कडेची. सरांनी सगळ्या पिशव्या ओतायला लावल्या. मग नागमोडी चालत, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घेत, वरचा काडीकचरा बाजूला सारून पुन्हा नमुने घेतले. गोणपाटावर ढीग करून त्याचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, असे करत शेवटी अर्धा किलो माती राहिली. उन्हाने पोरांची तोंडे लाल झाली होती. आमच्याकडे येणारे माती परीक्षणाचे किती नमुने असे घेतलेले असतात, हे आम्ही इथे लिहीत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे.

एवढ्यावर काम थांबले नाही. एका मुलीने, ती आपल्याच सभासदाची लेक आहे, विचारले, "सर, मीठ वर आलं ते खालनं आलं असंल ना? मग खाली पाणी किती आहे?" सरांनी उत्तर दिले नाही. मोजायला सांगितले. भोके पाडलेले प्लॅस्टिकचे दोन पाइप रानात पुरले आणि दर रविवारी दोरी सोडून पाणी मोजले. कालव्याचे आवर्तन आले की पाणी वर, बंद झाले की खाली. एका रविवारी तर ते दोन फुटांवर होते. उसाच्या मुळ्या श्वास कशा घेणार?

प्रयोगशाळेचा निकाल असा की क्षार फार, पण सामू साडेआठच्या आत आणि सोडियमही मर्यादेत. म्हणजे रान खारवट, चोपण नव्हे. जिप्समचे काम चोपणात, जिथे सोडियमने माती दगडासारखी बांधली जाते आणि पाणी मुरत नाही. नुसत्या खारवट रानाला निचरा लागतो: आधी चर, मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे. डोळ्यांना दोन्ही रानं सारखीच नापीक. आम्ही डोळ्यांवर भरवसा ठेवला, आणि भुर्दंड सभासदाला पडला.

हे दुखणे नवे नाही. नीरा डावा कालवा १८८५ चा. पंचवीस वर्षांत, १९१० साली, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी कॉलेजची माणसे इथल्या रानांत माती घेत हिंडत होती. तेव्हाही कुणीतरी विचारले असेल, आमच्या हाती काय?

आता त्या सभासदांच्या रानाचे काय? चर काढायची त्यांची तयारी आहे. पण पाणी ओढ्याला जायचे तर वाट खालच्या भावकीच्या रानातून. ते म्हणतात, तुमचं मीठ आमच्यात कशाला? आम्ही दोनदा बैठक घेतली, दोनदा चहा पिऊन उठलो. तिसऱ्या वेळी त्या मुलीने आपली वही आणली आणि तिसरा पाइप खालच्याच रानात पुरायची परवानगी मागितली. भावकीतल्या थोरल्या काकांनी जरा विचार करून "पूर बाई" म्हटले. दोन महिन्यांनी त्यांच्याही रानात पाणी साडेतीन फुटांवर सापडले. त्यांच्या उसाची पाती अजून हिरवी आहेत, पण कडेच्या दोन सऱ्यांवर पांढरी झाक दिसू लागली आहे. काका आता दर रविवारी स्वतः दोरी सोडतात. चराला मात्र अजून 'बघू' म्हणतात.

यंदाच्या तुकडीला पाइप पुरण्यासाठी आणखी सहा रानं हवी आहेत. कालव्याच्या शेपटाकडची, खोडवा असलेली असल्यास उत्तम. खर्च सभासदाकडे नाही. निकालाची एक प्रत तुमच्याकडे आणि एक गटऑफिसात राहील, अशी अट आम्ही प्राध्यापकांकडून कबूल करून घेतली आहे. ज्यांच्या रानात मीठ फुटते त्यांनी चिटबॉयकडे नाव, गट नंबर आणि लागणीची तारीख द्यावी. आणि तोवर, आम्ही सांगितले असले तरी, जिप्समची पोती विकत घेऊ नयेत.