गँबियरच्या टेकड्या, पाण्याच्या वाटा

सिंगापूरमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे बुकित तिमाह, उंची १६३.६३ मीटर. सिंहगडाच्या घाटात घाम गाळलेल्या पुणेकर सायकलस्वाराला हा आकडा ऐकून हसू येईल. पूर्व-पश्चिम जेमतेम पन्नास किलोमीटर आणि दक्षिणोत्तर त्याच्या अर्ध्याहून थोडा अधिक, एवढा हा देश. इथे मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहायला आलेल्या आई-बाबांचे मॉल, मर्लायन आणि बागा बघून होतात, आणि मग ते म्हणतात, सगळं सपाटच आहे की! मला हे पटत नाही. सायकलवरून फिरलात तर हा देश चढ-उतारांचा आणि नद्यांचा आहे, हे पहिल्या तासाभरात मांड्यांना कळतं. उंची थोडी असली तरी टेकड्या एकीला लागून एक आहेत आणि प्रत्येक दोन टेकड्यांच्या मध्ये पाण्याची एक वाट आहे.

सायकलवरून लांब भटकणाऱ्या जगभरच्या मंडळींना द्राक्षमळ्यांचा प्रदेश फार प्रिय. जर्मनीतली मोझेल, फ्रान्समधली लुआर, आणि आपल्याकडे नाशिकला गंगापूर धरणाच्या आसपासचे रस्ते. यामागे साधं कारण आहे. नदीकाठची वाट फारशी चढत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने लावलेलं एकच पीक नजरेला गुंतवून ठेवतं. सिंगापूरमध्ये द्राक्षांचे मळे नाहीत. नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, कारण त्याच्या वेलीला ऋतूंची लय असते. विषुववृत्तापासून सव्वा अंशावरच्या या बेटावर बारा महिने तोच उकाडा आणि तोच पाऊस. पण या टेकड्यांवरही एके काळी मळेच होते. द्राक्षांऐवजी तिथे गँबियर, मिरी आणि जायफळ होतं.

गँबियर ही एक चढणारी झुडूपवजा वेल. तिची पानं मोठ्या कढयांत उकळून, तो अर्क आटवून त्याच्या वड्या पाडत. आपल्या खैराच्या कातासारखाच तो तुरट, आणि इथली माणसं तो विड्याबरोबर खातही असत. पुढे युरोपातल्या चामडं कमावणाऱ्या आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना तो हवासा झाला. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॅफल्स इथे उतरला तेव्हा गँबियरचे काही मळे आधीपासूनच होते. ते कसणारे बहुतेक दक्षिण चीनमधून आलेले तेओच्यू कष्टकरी. गँबियरबरोबर मिरी लावायची आणि उकळलेल्या पानांचा चोथा मिरीच्या मुळाशी खत म्हणून घालायचा, अशी ती हुशारीची जोडशेती. मात्र कढया पेटत्या ठेवायला भोवतालचं जंगल तोडावं लागे आणि पंधरा-वीस वर्षांत जमिनीचा कस जाई. मग मळेवाला पुढच्या टेकडीकडे सरके. माल बाहेर काढायला रस्ते नव्हते, म्हणून वस्त्या नदी-ओढ्यांच्या काठाने वसल्या. चोआ चू कांग, लिम चू कांग, यिओ चू कांग या आजच्या नावांत त्या वस्त्या शिल्लक आहेत. लिम चू कांगच्या रस्त्यावर रविवारी पहाटे सायकलींची रांग लागते. त्यातल्या कितींना हे ठाऊक असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

जायफळाची गोष्ट याहून छोटी आणि दुःखाची. रॅफल्सने सुमात्रातल्या बेंकूलेनहून रोपं पाठवली, ती आजच्या फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर लावली गेली. १८४० च्या दशकात युरोपीय मळेवाल्यांना जायफळाचं अक्षरशः वेड लागलं. त्यानंतर रोग पडला आणि १८६० च्या सुमारास सगळा कारभार आटोपला. आज ऑर्चर्ड रोडवर उंची घड्याळांच्या दुकानांसमोरून सायकल नेताना बाजूचे उतार एके काळी जायफळाने भरलेले होते, हे डोळ्यांसमोर आणायला बरीच कल्पनाशक्ती लागते.

हे सगळं वाचायला सर्वांत चांगली वाट म्हणजे रेल कॉरिडॉर. १९०३ मध्ये सिंगापूर ते क्रांजी रेल्वे सुरू झाली. १९३२ मध्ये मार्ग बदलून तांजोंग पगार हे नवं टर्मिनस झालं. या मार्गाखालची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडे होती. ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी सुटली, ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवली. दुसऱ्या दिवशी चोवीस किलोमीटर लांबीचा हा पट्टा सिंगापूरच्या ताब्यात आला. एवढी मोक्याची जमीन, ती इमारतींखाली न घालता अखंड हिरवी ठेवली गेली, याबद्दल मला या देशाविषयी मनापासून आदर वाटतो. निसर्गप्रेमी नागरिकांनी त्यासाठी आधीपासून आग्रह धरला होता.

वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ चालत नसे. म्हणून रेल्वे बांधणाऱ्यांनी टेकड्या कापल्या, खोलगट जागी भराव टाकले. त्याचा फायदा आज सायकलवाल्याला मिळतो. देशातल्या सर्वांत उंच डोंगराच्या अगदी कुशीतून तुम्ही जाता आणि चढ जाणवतही नाही. बुकित तिमाहचं छोटं विटांचं स्टेशन अजून उभं आहे. तिथे चालकाकडे टोकन हातोहात देण्याची जुनी पद्धत शेवटपर्यंत चालू होती. स्टेशनच्या पुढेच १९३२ चा पोलादी पूल रस्त्यावरून जातो, आणि तसाच दुसरा पूल रेल मॉलजवळ आहे. या दोन पुलांमधला भाग पक्का डांबरी नाही, गवत आणि खडी आहे. पाऊस पडून गेला की चिखल होतो. रुंद टायरची सायकल घ्या, बारीक टायरच्या रेसिंग सायकलचे इथे हाल होतात.

डाव्या-उजव्या बाजूला थांबण्यासारखं फार आहे. बुकित तिमाहचा डोंगर १८८३ पासून राखीव जंगल आहे. १८५४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस इथे राहिला आणि या एवढ्याशा टेकडीवर त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे सातशे जाती गोळा केल्या. जवळच डेअरी फार्म नेचर पार्क आहे. नावाप्रमाणे तिथे खरोखरच गोठे होते, आणि त्यातल्या एका गोठ्यात आता वॉलेसच्या नावाचं शिक्षण केंद्र आहे. बाजूच्या ग्रॅनाइटच्या खाणींत पाणी साचून तळी झाली आहेत. मळे संपल्यावर टेकड्यांनी शहराला दगड पुरवला.

दुसऱ्या पुलाच्या जवळच जुना फोर्ड कारखाना आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिशांनी इथेच जपानी सेनापती यामाशिताला शरणागती लिहून दिली. सायकलस्वाराने इथे जरूर थांबावं, कारण त्या पराभवात सायकलींचा मोठा वाटा होता. ८ डिसेंबर १९४१ ला मलायाच्या किनाऱ्यावर उतरलेलं जपानी सैन्य पन्नास-पंचावन्न दिवसांत जोहोरपर्यंत पोचलं, आणि त्यातले हजारो शिपाई सायकलींवर होते. पूल उडवले तरी ते सायकल खांद्यावर घेऊन ओढा पार करत. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवत, आणि रात्री तो खडखडाट रणगाड्यांसारखा ऐकू येई. शरण गेलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास सैनिक हिंदी होते. १७ फेब्रुवारीला त्यांना फॅरर पार्कच्या मैदानात एकत्र बोलावलं गेलं, आणि आझाद हिंद फौजेच्या कहाणीची सुरुवात तिथून झाली. क्रांजीला युद्धस्मारकाच्या भिंतींवर चोवीस हजारांहून अधिक नावं कोरली आहेत, ज्यांच्या देहांना थडगंही लाभलं नाही अशांची. त्यात आपल्याकडची नावं शोधत मी बराच वेळ उभा राहतो.

रेल कॉरिडॉरवरून नद्यांच्या बाजूला यायला वळसा घ्यावा लागतो, कारण मधल्या जलाशयांच्या जंगलातल्या पायवाटांवर सायकलला बंदी आहे. ती योग्यच आहे. लोअर पियर्स जलाशयातून निघणारी कलांग ही इथली सर्वांत लांब नदी, साधारण दहा किलोमीटरची. बिशान-आंग मो किओ पार्कमध्ये ती आधी काँक्रीटच्या सरळ नाल्यातून वाहत असे. तो २.७ किलोमीटरचा नाला फोडून नदीला ३.२ किलोमीटरचं वळणदार पात्र परत दिलं गेलं आणि २०१२ मध्ये पार्क नव्याने खुला झाला. काठाला सिमेंटऐवजी झाडांच्या मुळांनी आणि दगडांनी धरून ठेवलंय. मोठा पाऊस आला की नदी हिरवळीवर पसरते, भोंगे वाजतात आणि माणसं वर सरकतात. पावसाचं पाणी ओसरलं की तीच जागा पुन्हा मुलांची. मुळा-मुठेच्या काठी वाढलेल्या कुणालाही हे बघून आशा वाटेल आणि थोडी हळहळही.

कलांगच्या खालच्या भागाचा इतिहास तर घाणीचा होता. होड्यांचे कारखाने, वरच्या अंगाला डुकरं आणि बदकं पाळण्याच्या जागा, काठावरच्या वस्त्या, सगळ्यांचं पाणी तिच्यात. १९७७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांत सिंगापूर नदी आणि कलांग स्वच्छ करण्याचं आव्हान दिलं आणि १९८७ पर्यंत ते पार पडलं. हजारो कुटुंबांना आणि फेरीवाल्यांना त्यासाठी जागा सोडावी लागली, हेही सांगायला हवं. आज या पाण्यात पाणमांजरांची कुटुंबं राहतात. सकाळी ती मासे धरताना दिसली की सायकली आपोआप थांबतात. पुढे नदी मरीना जलाशयाला मिळते. २००८ मध्ये बांधलेल्या मरीना बॅरेजमुळे समुद्राचं खारं पाणी आत येत नाही, त्यामुळे शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा झालाय.

इथल्या सायकलवाटांचं जाळं शेकडो किलोमीटरचं झालं आहे, आणि त्यातल्या कितीतरी वाटा नाल्यांच्या कडेने जातात. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून नाल्यालगत मोकळी सोडलेली जमीन नव्वदच्या दशकापासून पार्क कनेक्टरसाठी, म्हणजे बागांना जोडणाऱ्या वाटांसाठी, वापरली गेली. म्हणूनच त्या वाटांचा चढ सौम्य आहे. पाणी जसं उतरतं तशी वाट उतरते.

कुणी यायचं ठरवलं तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इथे सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाच-सहाला अंधारातच निघायचं, म्हणजे पुढे-मागे दिवा हवाच. नऊनंतर ऊन सोसत नाही, आणि दिवाळीच्या दिवसांत दुपारी विजांसह पाऊस ठरलेला. रस्त्यावर हेल्मेट सक्तीचं. सायकलवाटेवर वेगमर्यादा ताशी पंचवीस किलोमीटर, पादचारी पथावर दहा. घडीची सायकल मेट्रोत नेता येते, म्हणजे क्रांजीपर्यंत जाऊन थकलात तर गाडीने परतता येतं. आणि वाटेत अप्पर थॉमसन रोडला प्राटा, म्हणजे इथला पराठा, खायला थांबा. तव्यावरून उतरलेला गरम प्राटा, मासळीची नाहीतर डाळीची आमटी, आणि आटवलेलं दूध घातलेली दाट कोपी, म्हणजे इथली कॉफी.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर चांगी पॉइंटहून लाकडी बमबोटीने पुलाऊ उबिन या बेटावर जा. बारा माणसं जमली की बोट सुटते. धक्क्याजवळच सायकली भाड्याने मिळतात. तिथेही जुन्या ग्रॅनाइटच्या खाणी आहेत, रस्ते कच्चे-पक्के, आणि केताम माउंटन बाइक पार्कमधले चढ खरोखर दम काढणारे. परतीच्या बोटींसाठी संध्याकाळी रांग लागते, तेव्हा दुपारीच धक्क्याकडे वळलेलं बरं.