ज्या संघांना मालक नाही

कोल्हापुरात केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की दुपारचं गाव शाहू स्टेडियमकडे वळतं. दोनला एक सामना, चारला दुसरा. तिकीट काढून, दुकान भावावर सोपवून, कामावरून अर्धी सुट्टी टाकून माणसं येतात. मैदानात टीव्हीवर दिसणारा एकही तारा नसतो. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब विरुद्ध दिलबहार, खंडोबा विरुद्ध बालगोपाल, असे हे सामने. गॅलरीतल्या माणसाला मात्र यातला प्रत्येक पोरगा माहीत असतो: कुठल्या गल्लीतला, कुणाचा पुतण्या, गेल्या वर्षी कुठल्या पेठेकडून खेळला.

देशात फुटबॉल म्हटलं की बंगाल, गोवा, केरळ आणि ईशान्य भारत आठवतो. कुस्तीच्या या गावात फुटबॉल एवढा कसा रुजला, याचं उत्तर तालमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. लाल मातीत घुमणं हे त्यांचं पहिलं काम, पण तेवढंच कधीच नव्हतं. गणपती तालमीचा, मोहरमचे पंजेही तालमीतच बसतात, महापुरात बोटी आणि जेवणाची पाकिटं घेऊन धावतात तीही तालमीचीच पोरं. फुटबॉल आला तेव्हा त्याला नवा क्लब काढावा लागला नाही. माणसं, जागा, नाव आणि शेजारच्या पेठेशी चुरस, सगळं तयार होतं. राजघराण्याने खेळाला हात दिला आणि केएसएशी त्यांचं नातं आजही आहे.

म्हणून इथल्या पाठिंब्याचा अर्थ वेगळा. मोठ्या क्लबचा चाहता जर्सी विकत घेतो. पेठेतला माणूस संघच चालवतो. बूट, सरावाचा खर्च, बाहेरून आणलेल्या खेळाडूंची राहण्या-जेवण्याची सोय हे सगळं वर्गणीतून, पेठेतल्या व्यापाऱ्यांकडून आणि जुन्या खेळाडूंच्या खिशातून उभं राहतं. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, त्या दिवसांत कोण कुठल्या संघाकडे गेला याच्या बातम्या स्थानिक पानांवर ठळक छापून येतात. एखादा चांगला स्ट्रायकर दुसऱ्या पेठेत गेला, तर घरातलं माणूस रुसून गेल्यासारखं पेठेला लागतं.

याची किंमत कळायची असेल तर पुण्या-मुंबईकडे बघावं. महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. 2007 मध्ये निघालेला मुंबई एफसी दहा वर्षांत, आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरल्यावर मिटला. पुण्यात पुणे एफसी आला आणि गेला. डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून थांबला. एफसी पुणे सिटी 2014 मध्ये आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, उतरला आणि 2019 मध्ये त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. यातल्या काही संघांकडे परदेशी प्रशिक्षक होते, उत्तम मैदानं होती आणि जीव लावणारे प्रेक्षकही होते. पण निर्णय घ्यायच्या टेबलावर त्या प्रेक्षकांना खुर्ची नव्हती. मालकाचं गणित बिघडलं की संघ संपला. पाटाकडील तालीम अशी एका सहीने बंद करता येत नाही, कारण सही करणारा मालकच नाही.

लंडनच्या विम्बल्डन भागातल्या लोकांना हेच फार महागात शिकावं लागलं. 2002 मध्ये त्यांचा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःच्या मालकीचा नवा क्लब काढला, खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेला. कोल्हापूरच्या पेठांकडे ती मालकी पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तरीही हे चित्र एवढ्यावर सोडलं तर ते अर्धंच राहील. ज्या आपलेपणाने संघ जगतो, त्याच आपलेपणातून राडा होतो. दगडफेक, रेफरीच्या अंगावर धावणं, सामना संपल्यावर पेठांच्या तोंडाला हाणामारी यांमुळे सामने आणि स्पर्धा मध्येच थांबल्या आहेत. मोठा सामना म्हटलं की खेळाडूंइतकीच चर्चा पोलीस बंदोबस्ताची होते. "ईर्षा आहे म्हणून खेळ आहे" हे समर्थन मला मान्य नाही. ज्या गॅलरीत बाप आपल्या लेकीला घेऊन निर्धास्त बसू शकत नाही, तिथली ईर्षा खेळाच्या मुळावर येते.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. गावात एवढं वेड असून तालमींपैकी एकही संघ आय-लीग किंवा आयएसएलपर्यंत पोचलेला नाही. राष्ट्रीय महिला लीगमध्ये कोल्हापूरचं नाव एफसी कोल्हापूर सिटीने नेलं, तो तालमीचा संघ नव्हे. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. राष्ट्रीय पातळीवर जाण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा परवाना लागतो आणि त्यासाठी वयोगटांचे संघ, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक, तपासलेले हिशेब दाखवावे लागतात. आपल्याकडे पेठेचा पैसा एका हंगामासाठी आणलेल्या नायजेरियन खेळाडूवर पटकन जमतो. बारा वर्षांच्या पोरांना रोज संध्याकाळी शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या पगारासाठी जमत नाही. चषक त्याच वर्षी हवा असतो, हे समजतं. पण बाहेरचा खेळाडू हंगाम संपला की जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच पैसा उभा करावा लागतो.

हे बदलायला कुठल्या कंपनीची वाट बघायची गरज नाही. मालक पेठ आहे, तर हिशेब मागायचा हक्कही पेठेचाच. पुढच्या हंगामाची वर्गणी मागायला पोरं दारात आली की पैसे जरूर द्या. देताना एवढंच विचारा: यातले किती लहान मुलांच्या संघासाठी, आणि त्यांना शिकवणार कोण?