धोतरा, एलएसडी आणि आपला मेंदू

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे नशा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाटलीच येते. पण महाशिवरात्रीला आपण महादेवाला ज्याचं फळ वाहतो, तो बांधावरचा धोतराही काही जण नशेसाठी खातात. त्याने भास होतात. असे भास घडवणारे पदार्थ पुन्हा पुन्हा घेतले तर शरीराचं काय होतं, ते आज आपण पाहू.

हे सगळे पदार्थ एका जातीचे नाहीत. एलएसडी आणि काही अळंब्यांतलं सायलोसिबिन हे मेंदूत सेरोटोनिनच्या जागा धरतात. सलग तीन-चार दिवस घेतलं की तीच मात्रा चढेनाशी होते. आठवडाभर थांबलं की पुन्हा चढते. दारूसारखी रोजची तलफ सहसा लागत नाही, सोडल्यावर हात थरथरत नाहीत. मग पोरं म्हणतात, "सवय लागत नाही ना, मग भ्यायचं कशाला?" इथेच घोटाळा होतो. सवय न लागणं वेगळं आणि अपाय न होणं वेगळं. काहींना नशा उतरल्यावरही कित्येक आठवडे, क्वचित वर्षानुवर्षं, दिव्याभोवती वलयं आणि हलत्या वस्तूमागे रेघा दिसत राहतात. घराण्यात स्किझोफ्रेनिया असेल तर तो आजार उफाळून येऊ शकतो.

धोतऱ्याची तऱ्हा निराळी. त्यातलं अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन हे अॅसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवतात. आपली आठवण, लाळ, घाम, लघवी यांना तेच रसायन लागतं, बरं का! म्हणून तोंड सुकतं, अंग तापतं पण घाम येत नाही, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी तुंबते, छाती धडधडते. माणूस समोर नसलेल्याशी बोलतो, आणि नंतर त्याला त्यातलं फारसं आठवतही नाही. शेजारशेजारच्या दोन झाडांच्या बियांतसुद्धा विष सारखं नसतं. मागच्या वेळी निभावलं म्हणून यंदा निभावेल, असा हिशेब चालत नाही. दर खेपेला ती नवी विषबाधाच असते.

तेव्हा कोणी असं बरळू लागलं तर "अंगात आलं" म्हणून घरी बसवून ठेवू नका. लगेच दवाखान्यात न्या, काय खाल्लं ते स्पष्ट सांगा, उरलेल्या बिया सोबत न्या. लाजेपायी लपवलं तर उपचाराचा वेळ जातो. आणि नशा सोडायला मदत हवी असेल तर १४४४६ हा सरकारी क्रमांक आहे. लिहून घ्या.