‘कावीळ’ : एक शब्द, अनेक व्याधी

‘कावीळ’ हा शब्द संस्कृत ‘कामला’ या शब्दापासून आला आहे. ‘ग्राम’ व ‘नाम’ यांची ‘गाव’ व ‘नाव’ ही रूपे होताना मकाराचा जो वकार झाला, तोच येथेही दिसतो. अर्थ मात्र फारसा पालटला नाही. डोळे व त्वचा पिवळी पडणे हे लक्षण या शब्दाने सांगितले जाते. त्यामागील रोग कोणता, हे सांगितले जात नाही. हिपॅटायटिस बीच्या प्रतिबंधातील एक मोठी अडचण येथेच उत्पन्न होते.

दिल्लीत 1955-56 साली यमुनेचे पाणी सांडपाण्याने दूषित होऊन सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. ही साथ ई विषाणूची होती, असे पुढे निष्पन्न झाले. ए व ई हे विषाणू पाण्यावाटे व अन्नावाटे पसरतात. रोगी बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. (गरोदर स्त्रीस मात्र ई विषाणू घातक ठरू शकतो.) ‘कावीळ उतरविणे’ हा वाक्प्रचार याच अनुभवावर पोसला गेला असावा, श्रेय तेवढे माळ घालणाऱ्यास मिळते.

बी विषाणूची रीत निराळी आहे. तो रक्त, शरीरसंबंध व दूषित सुई यांवाटे, तसेच प्रसूतीच्या वेळी मातेकडून अर्भकाकडे जातो. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी जणांच्या शरीरात तो कायम राहतो. जन्मतः लागण झालेल्या अर्भकांपैकी सुमारे नव्वदांत राहतो. या लागणीने बालकाचे डोळे सहसा पिवळे होत नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी यकृत आक्रसून कठीण होते, किंवा त्यात कर्करोग उद्भवतो. अलीकडे मद्य, स्थूलता व मधुमेह यांमुळे होणारे यकृतविकारही वाढले आहेत, हे खरे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे 2.98 कोटी रुग्ण होते.

या रोगावरील पहिली देशी पुनर्संयोजित लस हैदराबाद येथे 1997 साली सिद्ध झाली. सार्वत्रिक लसीकरणात तिचा देशभर समावेश 2011 साली झाला. पहिली मात्रा जन्मानंतर चोवीस तासांच्या आत, व पुढील मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लसीतून दिल्या जातात. मातेकडून येणारी लागण रोखण्याचे काम पहिल्या मात्रेचे आहे; सहाव्या आठवड्याची मात्रा तिची जागा घेऊ शकत नाही. घरी झालेल्या प्रसूतीत नेमकी हीच मात्रा हुकण्याचा संभव अधिक.

‘तुम्हांस पूर्वी कावीळ झाली होती काय?’ असे गरोदर स्त्रीस विचारले असता ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि तरीही तिच्या रक्तात बी विषाणू असू शकेल. त्याचा निर्णय रक्ततपासणीनेच होतो. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व पुढील उपचार विनामूल्य आहेत.