जुन्या बॅटरीचा फेरा

काही वर्षांपूर्वी सर्जरीच्या वॉर्डातून मला मत देण्यासाठी बोलावणे आले. चाळिशीचा एक माणूस दोन दिवस पोट धरून कळवळत होता. "पोट भलतं दुखस, साहेब," एवढेच तो सांगे. आठवडाभर शौचाला साफ नव्हते. हिमोग्लोबिन जेमतेम साडेसात. एक्स-रे आणि सोनोग्राफीत काही सापडत नव्हते, म्हणून पोट उघडून पाहावे का, अशी चर्चा सुरू होती. त्याच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसली, तेव्हा मी विचारले, "काम काय करता?" "भंगारचं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, शिसं वितळवायचं." रक्ताचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. निदान निघाले शिशाच्या विषबाधेचे. ऑपरेशन टळले.

"तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न रुग्णाला विचारलाच पाहिजे, असे इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवरील ग्रंथात लिहून ठेवले. ओपीडीच्या गर्दीत नेमका तोच प्रश्न राहून जातो.

सध्या 'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द वारंवार कानावर पडतो. अर्थ साधा आहे: एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा. खानदेशाला हे नवे नाही. जिनिंगमधून निघालेली सरकी तेलासाठी जाते, तिची ढेप गोठ्यात. डाळ मिलमधली चुनीही गुरांच्या पुढ्यात पडते. केळीचा घड उतरवल्यावर उरलेल्या खोडापासून धागा निघतो. बॅटरीतील शिसे तर या चक्रासाठीच जन्मलेले. कितीही वेळा वितळवा, त्याचा गुण कमी होत नाही. जगात दरवर्षी तयार होणाऱ्या शिशापैकी निम्म्याहून अधिक जुन्या मालातूनच परत मिळवलेले असते.

मग बिघडते कुठे? नीट चालवलेल्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात कापली जाते, आम्ल निष्प्रभ केले जाते, भट्टीचा धूर गाळला जातो आणि कामगारांचे रक्त वेळोवेळी तपासले जाते. मागच्या अंगणातल्या भट्टीत बॅटरी घणाने फुटते आणि शिसे मिसळलेले आम्ल मातीत ओतले जाते. शिसे 327 अंशांवर वितळते, त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. धूर आणि धूळ मात्र कपड्यांवर, केसांवर आणि आजूबाजूच्या जमिनीवर बसते.

शरीराला शिशाची काहीच गरज नसते. पण ते कॅल्शियमची नक्कल करते, त्यामुळे शरीर त्याला आत घेते आणि हाडांत साठवते. तिथे ते अनेक वर्षे राहते. गर्भारपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचते. मोठ्यांमध्ये रक्तक्षय, पोटशूळ, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आजार दिसतात. तेवढेच शिसे पोटात गेले तरी लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात आणि त्यांच्या वाढत्या मेंदूचे नुकसान भरून येत नाही. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते.

म्हणून मी त्या रुग्णाच्या पत्नीला मुलांना घेऊन यायला सांगितले. धाकट्या मुलीच्या रक्तातही शिसे निघाले. ती भट्टीजवळ कधी गेली नव्हती. बाप कामावरून आला की त्याच्या कडेवर बसायची, एवढेच.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. युनिसेफ आणि 'प्युअर अर्थ' यांनी 2020 मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार, जगात सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे. त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील. रंग, मसाल्यांतील भेसळ, भांडी अशी त्याची कारणे अनेक आहेत; जुन्या बॅटऱ्यांचे असुरक्षित वितळवणे हे त्यांतले एक मोठे कारण. सेनेगलमधील डाकारच्या एका वस्तीत 2007-08 मध्ये याच धंद्यामुळे 18 मुले दगावली.

'प्युअर अर्थ' ही 1999 मध्ये सुरू झालेली, नफा न कमावणारी संस्था. माती आणि रक्तातील शिसे मोजायचे, दूषित जागा साफ करायची आणि सरकार व उद्योगांना सुरक्षित पद्धतींकडे वळवायचे, हे तिचे काम. भारतातही ती काम करते. बांगलादेशातील काठगोरा येथे सोडून दिलेल्या भट्ट्यांची माती साफ केल्यावर मुलांच्या रक्तातील शिसे घटले. पूर्णपणे गेले मात्र नाही. नंतर निस्तरणे हा अर्धाच उपाय, हे त्यातून दिसते.

अडचण पैशाची आहे. धूर गाळण्याचा खर्च न करणारा भट्टीवाला जुन्या बॅटरीला जास्त भाव देऊ शकतो. नियम पाळणाऱ्या कारखान्याला मग मालच मिळत नाही. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी, हा नियम आपल्याकडे 2001 पासून आहे. 2022 च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवरच ती गोळा करून अधिकृत ठिकाणी पुनर्प्रक्रियेला देण्याची जबाबदारी टाकली. कागद पक्का आहे. भंगारवाला, गॅरेज आणि कारखाना यांना एकत्र बसवणारा मध्यस्थ हवा. ते काम अशा संस्था चांगले करू शकतात.

धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांचे नाके. ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, घरोघरचे इन्व्हर्टर, बॅटऱ्यांना इथे तोटा नाही. जळगावच्या पाइप उद्योगालाही हा विषय परका नाही. पीव्हीसी पाइपांत स्थिरक म्हणून वापरले जाणारे शिसे टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी 2021 मध्ये नियम आले. पण जुना पाइप दळून नवा केला, तर जुने शिसे नव्या मालात उतरू शकते. चक्र फिरवताना त्यासोबत काय फिरते आहे, हे पाहिलेच पाहिजे.

आपल्या हातात काय आहे? नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडेच द्या आणि पावतीवर तशी नोंद मागा. भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देत असेल, तर ते कुठून येतात, याचा विचार करा. घरातील कोणी हे काम करत असेल, तर कपडे कामावरच बदलावेत, हातपाय धुऊन मगच मुलांना जवळ घ्यावे. पोटदुखी आणि रक्तक्षय यांचे कारण सापडत नसेल, तर डॉक्टरांना आपले काम न विचारताच सांगा.

शिसे शरीराबाहेर काढणारी औषधे आहेत. भट्टी सुरू राहिली, तर त्यांचा उपयोग टिकत नाही. तो रुग्ण घरी जाताना म्हणाला, "काम सोडलं तर खायचं काय, साहेब?" त्याचे उत्तर माझ्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येण्यासारखे नव्हते. ज्या कारखान्यात धूर गाळला जातो आणि वर्षातून दोनदा रक्त तपासले जाते, तिथे त्याला हेच काम मिळायला हवे होते.