पाहिलं कुणी, ओळखलं कुणी

क्वालालंपूरच्या उत्तरेला सेलांगोरचं राखीव जंगल आहे. २०११ साली तिथे हॉक पिंग गुएक हा हौशी छायाचित्रकार एका हिरव्या कीटकासमोर थांबला. पंख जाळीदार, बुडाशी काळी नक्षी आणि तिच्यात निळसर ठिपके. आपल्याकडचे कापूसवाले शेतकरी ज्याला क्रायसोपा म्हणतात, तो माव्याचा फडशा पाडणारा मित्रकीटक याच कुळातला. गुएकने फोटो काढले, कीटक उडून गेला. फोटो त्याने फ्लिकरवर टाकले.

पुढे कॅलिफोर्नियातल्या शॉन विंटरटन या कीटकशास्त्रज्ञाला ते फोटो दिसले. अशी नक्षी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने सहकाऱ्यांना दाखवलं, त्यांनाही ओळख पटेना. मग त्याने गुएकलाच विचारलं, नमुना आहे का? नव्हता. नुसत्या फोटोवर जातीचं वर्णन करायला विंटरटन धजेना. साधारण वर्षभराने गुएक त्याच जंगलात पुन्हा गेला आणि तोच कीटक त्याला पुन्हा भेटला. या वेळी त्याने तो डबीत घेतला आणि विंटरटनच्या सांगण्यावरून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या स्टीफन ब्रुक्स यांच्याकडे पाठवला. जात नवी होती. आणि ब्रुक्स यांना म्युझियमच्याच संग्रहात, कित्येक दशकं बेनाव पडून राहिलेला तसाच एक नमुना सापडला.

तीन खंडांतल्या या तिघांनी एकाच गूगल डॉकमध्ये शोधनिबंध लिहिला. २०१२च्या ऑगस्टमध्ये तो ‘झूकीज’मध्ये छापून आला. कीटकाचं नाव सेमाक्रायसा जेड. रंग हिरवा असला तरी हे ‘जेड’ विंटरटनच्या मुलीचं नाव आहे.

ही गोष्ट ‘फ्लिकरवर लागलेला शोध’ म्हणून जगभर सांगितली गेली. वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि मला यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो लंडनच्या संग्रहातला बेनाव नमुना. कुणीतरी तो पूर्वी जपून ठेवला होता, त्याला ओळखणारं माणूस त्याच्याजवळ तेव्हा नव्हतं. फ्लिकरने पाहणाऱ्याची आणि जाणत्याची गाठ घालून दिली. समाजमाध्यमांनी अभ्यासाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर हे आहे. बाकीचं काम जुन्याच वाटेने झालं: डबी, टपाल, सूक्ष्मदर्शक, संग्रह.

कोपनहेगनची गोष्टही याच चालीची. पावसाळ्यात आपल्या भिंतींवर चढते ती वाणी सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या अशाच एका वाणीचा फोटो व्हर्जिनिया टेकमधल्या डेरेक हेनन याने ट्विटरवर टाकला होता. तो कोपनहेगनच्या आना सोफिया रेबोलेइरा या संशोधिकेच्या नजरेस पडला. हजारोंनी त्यात किडा पाहिला असेल, तिला किड्याच्या अंगावरचे इवलेसे ठिपके दिसले. जिवंत किड्यांच्या अंगावर बाहेरून वाढणाऱ्या एका विशिष्ट बुरशीचा तिचा अभ्यास होता. तीही फोटोवर थांबली नाही. म्युझियममध्ये जतन केलेल्या वाणी काढून तपासल्या, तेव्हा त्यांच्यावर तीच बुरशी मिळाली. २०२० साली तिचं नाव ठरलं ट्रोग्लोमायसिस ट्विटरी.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात एका हौशी माणसाने डोंगरमाथ्यावरच्या एका वनस्पतीचा फोटो फेसबुकवर टाकला. कासच्या पठारावर ज्यांनी वीतभर उंचीचं गवती दवबिंदू गुडघे टेकून पाहिलं आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल, की फोटोतलं दवबिंदू दीड मीटरपर्यंत वाढणारं होतं. पाउलो गोनेला या अभ्यासकाच्या ते लक्षात आलं आणि २०१५ साली ड्रोसेरा मॅग्निफिका ही जात वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी नोंदली गेली. तेव्हा ती एकाच डोंगराच्या माथ्यावर माहीत होती. नोंद झाली त्याच लेखात ती नष्ट होण्याच्या काठावर असल्याचंही लिहिलं होतं.

आपल्या देशातली गोष्ट टाळेबंदीतली. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात शिकणारा वीरेंद्र भारद्वाज २०२० साली हिमाचलमध्ये, चंबा भागात होता. घराच्या आसपास दिसतील त्या प्राण्यांचे फोटो काढून तो इन्स्टाग्रामवर टाकत असे. त्यातला एक फोटो कुकरी सापाचा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात काम करणाऱ्या झीशान मिर्झाने तो पाहिला. मुंबईकरांना मिर्झा हे नाव परकं नाही, आरे कॉलनीतल्या विंचवाची नवी जात जगापुढे आणणाऱ्यांत तो होता. त्याला वाटलं, हा आपला नेहमीचा कुकरी दिसत नाही. मग नमुने गोळा झाले. प्रयोगशाळा बंद असल्यामुळे काम रखडलं. पुढे खवले मोजले, डीएनए तपासला, स्कॅन करून कवटी पाहिली. २०२१च्या अखेरीस मिर्झा, भारद्वाज आणि हर्षिल पटेल यांच्या नावे निबंध निघाला. चुराह खोऱ्यावरून सापाचं नाव ओलिगोडॉन चुराहेन्सिस ठेवलं. लेखकांच्या यादीत त्या विद्यार्थ्याचंही नाव आहे. मी वर्गात हा निबंध दाखवते तेव्हा आधी त्या नावावर बोट ठेवते.

दूर राहणाऱ्या हौशी माणसाने पाहायचं आणि शहरातल्या जाणत्याने ओळखायचं, ही रीत मात्र इंटरनेटच्या फार आधीची. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. त्यांत दोघे एतद्देशीय होते, दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि रखमाबाईंना वाढवणारे त्यांचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. एकमेकांनी पाहिलेलं एकमेकांना दाखवावं आणि नमुने एका जागी राहावेत, एवढाच आरंभीचा हेतू. १८८६पासून सोसायटीचं नियतकालिक निघू लागलं. त्यात मोठ्या निबंधांमागे ‘संकीर्ण टिपणं’ येत. कुणी वनाधिकारी, कुणी चहामळेवाला, कुणी रेल्वेतला माणूस चार ओळींत कळवायचा, अमुक पक्षी अमुक गावी अमुक तारखेला दिसला. त्या टिपणांत आणि आजच्या पोस्टमध्ये एक फरक मला सलतो. टिपणाखाली नाव, गाव, तारीख असायचीच आणि ते संपादकाच्या नजरेखालून जायचं. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं टिपण आजही पुरावा म्हणून वापरता येतं. फिरत फिरत माझ्या फोनवर आलेल्या फुलाच्या फोटोला मात्र गाव नसतं, तारीख नसते, काढणाऱ्याचं नावही वाटेत गळून गेलेलं असतं. असा फोटो कितीही देखणा असला तरी अभ्यासाला निरुपयोगी.

फोटो पुरावा म्हणून कुठवर चालतो, यावर शास्त्रज्ञांतच कडाक्याचा वाद झाला आहे. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीची जात दोघांनी फक्त फोटोंवरून जाहीर केली, नमुना हाती राहिला नव्हता. पुढच्या वर्षी ४९३ वर्गीकरणतज्ज्ञांनी एकत्र सही करून हा पायंडा पडू देऊ नका असं बजावलं. मी त्या ४९३ जणांच्या बाजूची आहे. फोटोला पुन्हा प्रश्न विचारता येत नाही. कवटी पाहू द्या म्हटलं तर तो दाखवत नाही, पानाची खालची लव मोजू द्या म्हटलं तर देत नाही. नमुना शंभर वर्षांनीही उत्तर देतो.

पण नमुना म्हणून उपटावं असं सगळंच नसतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनी तर काहीच उपटू नये. म्हणून फोटोच नीट काढायला शिकवणं हा आता मी अभ्यासाचा भाग केला आहे. मुलं आणतात तो फोटो बहुधा फुलाचा, अगदी जवळून, मागचं सगळं धूसर. दिसायला सुंदर, ओळखायला अवघड. मी सांगते, आधी अख्खं झाड घ्या, कुठे उगवलंय ते दिसू द्या. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते खोडासकट घ्या. पान उलटं करा. फूल समोरून घ्या आणि बाजूनेही घ्या, देठ आणि निदलं दिसली पाहिजेत. शेजारी बोट किंवा नाणं ठेवा. चीक येतो का, वास कसा, हे लिहा, कारण ते कॅमेऱ्यात येत नाही. एवढं करेपर्यंत पोरगं त्या झाडापाशी दहा मिनिटं बसलेलं असतं, आणि खरं शिक्षण त्या दहा मिनिटांत होतं.

हे फोटो आम्ही आयनॅचरलिस्टवर टाकतो. २००८ साली बर्कलीच्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ते सुरू केलं. तिथे फोटोला तारीख आणि जागा लागते, ओळख इतरांनी तपासायची असते, आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचं जमलं तरच नोंद संशोधनयोग्य धरली जाते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असं काही नसतं. तिथे जो आधी आणि ठासून बोलतो त्याचं खरं ठरतं. अळंबीचा फोटो टाकून ‘खाऊ का?’ विचारणाऱ्याला ‘खा’ असं कळवणारे मी पाहिले आहेत. अळंबी फोटोवरून कुणी कुणाला खायला सांगू नये, याबाबत मी वर्गात आवाज चढवते.

तरीही व्हॉट्सॲपनेच मला माझ्या नोकरीतला एक फार चांगला धडा दिला. जूनच्या पहिल्या पावसात एका विद्यार्थ्याने शेवळाच्या कोंबाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. मी लॅटिन नाव कळवलं, सुरणाच्या गोतातलं आहे हे सांगितलं, आणि झालं असं समजले. रात्री त्याने एक आवाजी निरोप पुढे पाठवला. त्याची आजी बोलत होती. शेवळं कुठल्या रानात आधी येतात, आतला पिवळा भाग का काढून टाकायचा, खाज मारायला काकडाची फळं कशी घालायची, ती नसली तर काय. तीन मिनिटांचा निरोप. त्या बाईने आयुष्यात कॉलेजचा उंबरा ओलांडलेला नाही, आणि त्या रात्री साठ मुलं तिच्याकडून शिकली. आम्ही तो निरोप उतरवून काढला आणि वाळवून चिकटवलेल्या नमुन्याच्या कागदावर, माहिती देणाऱ्याच्या जागी, आजींच्या परवानगीने त्यांचं नाव लिहिलं. हौशी माणसाकडून, आदिवासी पाड्यावरून, कुणाच्या आजीकडून ज्ञान घ्यायचं आणि निबंधात त्यांना ‘स्थानिक लोक’ म्हणून गुंडाळायचं, ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड आहे. मूळ पोस्टवर नाव आणि तारीख असते, त्यामुळे आधी कोणी पाहिलं हे आता नाकारणं अवघड झालं आहे. याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका कड्यावर मला खरपुडी फुललेली दिसली. सह्याद्रीत तिच्या अनेक जाती आहेत, काही जगात फक्त इथेच. कंदिलासारखं ते फूल पाहून मला राहवलं नाही. मी फोटो टाकला, आणि कौतुकाच्या भरात जागाही लिहिली, गाव, वळण, मंदिर, सगळं. दोन आठवड्यांनी मुलांना घेऊन गेले तेव्हा तिथे खड्डे होते. कंद कुणी काढले, खाण्यासाठी की विकण्यासाठी, मला कळलं नाही. वाट मीच दाखवली होती.

हे वैज्ञानिकांच्या हातूनही झालेलं आहे. चीनमधल्या एका पालीचं वर्णन १९९९ साली छापलं गेलं आणि शौकिनांच्या बाजारात तिला मोल आलं. वर्णनात दिलेल्या मूळ जागेवरून ती पाल नाहीशी झाली. २०१७ साली ‘सायन्स’मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दुर्मीळ जातींच्या जागा छापूच नका असं लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर अशीच उदाहरणं होती. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर करतं, खूण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेही पडते. पण फोटोमागचं मंदिर त्याला धूसर करता येत नाही. कासला फुलांच्या दिवसांत माणसांवर मर्यादा घालावी लागली, याचं कारण फोनच्या पडद्यावर फिरलेले गालिचेही आहेत.

खरपुडीच्या त्या कड्यानंतर मी आमच्या ग्रुपचा एक नियम केला. दुर्मीळ काही दिसलं तर जागा फक्त वहीत लिहायची, आणि वही माझ्या कपाटात.

या श्रावणात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने घाटातल्या एका वेलीचे फोटो आणले. उलटं पान, खोड, शेजारी रुपयाचं नाणं, सगळं शिस्तीत. मला ओळखता आली नाही. मी फोटो कोल्हापूरच्या एका जाणत्या अभ्यासकांना पाठवले. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: “फूल पाहिलं, फळ धरलं की पाठवा.” फळ कार्तिकात धरेल. तिने वेलीच्या बुंध्याला दोरा बांधून ठेवलाय. जागा वहीत आहे, आणि दर रविवारी ती पाहून येते.