बर्फ वितळतो, मग दूध गोठतं कसं? शाळेत करून पाहा आईस्क्रीमचा प्रयोग

लासूर स्टेशन : मटका कुल्फीवाला मटक्यात साच्यांभोवती बर्फ भरतो आणि त्यात मीठही टाकतो. हे मीठ कशासाठी? याचं उत्तर लासूर स्टेशन परिसरातल्या शाळांना फ्रीजशिवाय, लाईट नसली तरी मुलांना दाखवता येईल.

साहित्य : झाकणाचे दोन स्टीलचे डबे, दोन पातेली, ३ किलो बर्फ, अर्धा किलो जाडं मीठ, अर्धा लिटर उकळून गार केलेलं दूध, ६ चमचे साखर, वेलदोडा.

असं करा : दुधात साखर, वेलदोडा घालून ते दोन्ही डब्यांत निम्मं निम्मं ओता. झाकणं घट्ट लावून एकेक डबा एकेका पातेल्यात ठेवा. भोवती दीड-दीड किलो बर्फाचा चुरा भरा. मीठ मात्र एकाच पातेल्यात टाका. मग मुलांनी आळीपाळीने दोन्ही डबे झाकणाला धरून फिरवावेत. अधूनमधून कडेचं दूध चमच्याने खरवडावं. साधारण अर्ध्या तासात मिठाच्या पातेल्यातलं दूध घट्ट होतं. दुसरं नुसतंच गार होतं.

असं का होतं? साधा वितळता बर्फ शून्य अंशावर राहतो. साखर घातलेलं दूध मात्र शून्याच्या थोडं खाली गोठतं. मीठ घातलं की खारं पाणी शून्याला गोठत नाही, त्यामुळे बर्फ वितळतच राहतो. वितळायला उष्णता लागते, एका ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी. ती उष्णता तो आजूबाजूनं आणि दुधातूनही ओढून घेतो. माठातलं पाणी गार होतं ते झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता नेतं म्हणून. इथे तेच काम वितळणारा बर्फ करतो. मीठ-बर्फाचं तापमान उणे १० अंशांच्याही खाली जाऊ शकतं.

ही काळजी घ्याच : मीठ-बर्फात उघडा हात घालू नये. जास्त वेळ लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. डबा जाड फडक्याने धरावा आणि शिक्षकांनी शेजारी थांबावं. कारखान्यातला बर्फ खाण्यालायक असेलच असं नाही. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम राज्यात २०१८ पासून आहे. म्हणून बर्फ तोंडात घालू देऊ नका. झाकण उघडण्याआधी डबा बाहेरून पुसा, नाहीतर खारं पाणी आत जाईल.

उरलेलं खारं पाणी झाडांना किंवा शेतात टाकू नका, मोरीत ओता. मिठाने जमीन खराब होते. मुलांना शिकवायला हा आणखी एक धडा.